मापाड्याचा ऐकणारा

सन दोन हजार बावीस. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो, म्हणजे कागदावर. आईचं म्हणणं धरलं तर एकोणसत्तर. त्या वर्षी होळी झाल्यावर एक अनोळखी माणूस रविवारी अकरा वाजता दिघ्याला आमच्या चाळीत येऊन आम्हाला बघून घेणार होता. त्याच्याकडे दोन पत्ते होते. एक आमच्या मापाड्याचा आणि दुसरा माझा. मापाड्याचा असणं समजू शकतो, भांडण त्यानंच केलं होतं. माझा तिथं कसा गेला हे सांगायचं तर मापाडी काय चीज होती ते आधी सांगायला पाहिजे.

मी चौथी पास. लिहायची सवय नाही. पण दुसऱ्या कुणी त्याच्याबद्दल लिहिलं तर तो येडा होता एवढंच लिहील, आणि ते मला चालणार नाही. त्याचं नाव मी सांगत नाही. ते त्यानं स्वतःच जगभर वाटून ठेवलंय, त्याला माझी मदत नको.

एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात तो वजन करायला आणि मी पोती उचलायला, एकाच गाळ्यावर. तो साताऱ्याकडचा, मी पण. आमच्या गाळ्यावर एक रीत होती. पोतं काट्यावर चढलं की मापाडी वजन पुकारणार, "एक्कावन्न!" आणि समोर उभ्या असलेल्या माणसानं तेच मोठ्यानं परत बोलायचं. मगच मेहताजी वहीत लिहायचा. त्या समोरच्या माणसाला आम्ही 'ऐकणारा' म्हणायचो. तीस वर्षं तो माणूस मी होतो. एकदा मी तंबाखू मळत होतो, बोललो नाही. त्यानं पोतं खाली उतरवून पुन्हा चढवायला लावलं. मालक ओरडतोय, ट्रकवाला हॉर्न मारतोय, आणि हा शांत. म्हणाला, "कुणी ऐकलंच न्हाई, तर वजन झालं कुठं?"

दोघं एकाच वर्षी घरी बसलो. खोल्या शेजारी, मधे अर्ध्या विटेची भिंत. त्याची बायको आधीच गेलेली. मुलगा पुण्याला, त्यानं बापाला फोन घेऊन दिला, बोलणं व्हावं म्हणून. मुलाशी तो आठवड्यातून एकदा बोलायचा. बाकीचा आठवडा जगाशी.

सकाळी दहाला आंघोळ, धुतलेला सदरा, पांढरी टोपी, आणि मग तो फोन हातात घ्यायचा. मी विचारलं, "घरातल्या घरात टोपी कशाला?" तर म्हणाला, "परक्याच्या दारात जायाचंय. बनियनवर जाऊ?"

फोनवर लोकांनी जे लिहिलेलं असायचं त्याखाली हा एका बोटानं उत्तर लिहायचा आणि लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं बोलायचा, अगदी काट्यावर पुकारावं तसा. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. सुरुवात ठरलेली: "रामराम. आपले म्हणणे वाचले." समोरच्यानं आईबहिणीवरून घातलेली असली तरी रामराम. शेवटी स्वतःचं पूर्ण नाव, गाव, तालुका, हल्ली मुक्काम दिघा, पिठाच्या गिरणीमागं, खोली नंबर, मोबाइल नंबर. मी म्हटलं, "अरे, तिथं कुणी खरं नाव पण टाकत नाही, आणि तू घराचा रस्ता सांगतोस?" त्याचं उत्तर तयार. "मार्का नसलेलं पोतं मार्केटात कोण उचलतं का? बोलणं माझं हाय तर मार्का पण माझा."

विषय कुठलाही चालायचा. पेट्रोल, हेल्मेट, पोरांना मराठी शाळेत घालावं का, लग्नात किती माणूस जेवायला बोलवावं. कांदा महागला की मग तर त्याचा सणच. शहरातल्या कुणी लिहिलं की शेतकरी माजलेत, की हा दोन दिवस जेवायला उठायचा नाही. पण रागावून नाही लिहायचा. एकाला त्यानं लिहिलेलं मला पाठ आहे: "आपण तीन ओळी लिहिल्या. त्यात दोन शिव्या. बारदान वजा जाता एक ओळ निव्वळ उरली, तिला उत्तर देतो." बारदान म्हणजे पोत्याचं स्वतःचं वजन, ते मालातून काढायचं असतं. तो माणूस पुढं शिव्या द्यायचा थांबला की नाही माहीत नाही. बहुतेक नाही.

आणि हरला तर हरलो म्हणायचा, ते पण सगळ्यांसमोर. एका मुलीनं लिहिलं होतं की लग्नानंतर सासू-सासऱ्यांबरोबर राहायची सक्ती नको. चार दिवस हा तिच्याशी वाद घालत होता. पाचव्या दिवशी भिंतीतून आवाज आला, "रामराम. आपले म्हणणे पुन्हा वाचले. आपले वजन जास्त भरले. मी हरलो." तिच्याकडच्या शंभर जणांनी हसण्याची चित्रं टाकली. मला लाज वाटली, त्याला नाही. त्या मुलीचा त्याला दिवाळीला निरोप यायचा.

हे सगळं मी पलीकडून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, म्हाताऱ्याला छंद आहे, आपल्याला काय करायचंय.

मग तो फोन आला. मी जेवायला बसलो होतो.

"ऐकणारा तूच का रे?"

"कोण पाहिजे?"

"खोली नंबर सतरा, गिरणीमागं. तूच ना? तुझ्या म्हाताऱ्याला सांग, रविवारी येतोय. अकरा वाजता. सोळा आणि सतरा, दोन्ही खोल्या बघतो. काय समजलास?"

फोन बंद. माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो मी परत ताटात ठेवला. तसाच उठून शेजारी गेलो. मापाडी टोपी घालून खाटेवर बसलेला.

"माझा नंबर त्याला कुणी दिला?"

"मी."

"का?"

"तू ऐकणारा हायेस."

"कशाचा?"

"सगळ्याचाच," म्हणाला आणि फोन माझ्यासमोर धरला. त्याच्या प्रत्येक बोलण्याखाली, त्याच्या पत्त्याखाली, एक ओळ जादा. 'ऐकणारा:' आणि पुढं माझं नाव, खोली सतरा, माझा मोबाइल. दीड वर्षापासून, आणि ही एक ओळ तेवढी तो मोठ्यानं पुकारायचा नाही. हेल्मेटखाली माझं नाव. पेट्रोलखाली माझं नाव. त्या सासू-सासऱ्यांच्या भांडणाखाली पण.

"मला विचारलंस का?"

"काट्यावर कधी विचारलं व्हतं? तू उभा असायचास."

"काट्यावर मला पोतं दिसायचं! हितं मला काय दिसतंय?"

"मी मोठ्यानं बोलत लिहितो ते काय हौस म्हणून? भिंतीपल्याड तू असतोस. मी बोललो की तू खोकतोस. मी ते धरून चालतो."

मला तंबाखूचा खोकला. दीड वर्ष माझा खोकला त्यानं होकार म्हणून जमा धरला होता.

मग त्यानं भांडण दाखवलं. कुठल्या तरी मोठ्या इमारतीतला व्हिडिओ होता. घरकामाच्या बायका लिफ्टजवळ उभ्या आणि त्यांना जिन्याकडं पाठवतायत. खाली हजार माणसं तावातावानं बोलत होती. वाशीकडच्या एका सोसायटीच्या कमिटीतल्या माणसानं लिहिलं होतं की यांना लिफ्ट दिली तर उद्या सोफ्यावर येऊन बसतील. मापाड्यानं लिहिलं, "रामराम. आपले म्हणणे वाचले. बसू द्या. सोफा कशासाठी असतो? आणि लिफ्ट वजन बघते, माणूस बघत नाही. पत्ता खाली आहे."

लोक त्या माणसाच्या मागं लागले. हसले, चिडवलं. त्यानं मापाड्याला लिहिलं की पत्ता दिलायस ना म्हाताऱ्या, रविवारी तुझ्या सोफ्यावर येऊन बसतो. मापाड्यानं उत्तर दिलं होतं: "जरूर यावे. सोफा नाही, खाट आहे. रिक्षा स्टँडवर उतरून गिरणी विचारावी. सोबत आपला ऐकणारा आणावा."

"माझं नाव काढ," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काढला. "ह्यातनं?"

"सगळ्यातनं. आत्ता."

"बरं," म्हणाला. एवढंच.

दोन दिवस तो बसून एकेका जागेवरून माझं नाव काढत होता. भिंतीतून काही आवाज आला नाही, कारण काढताना बोलावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी नाव काढून संपलं असावं, तरी आवाज नाही. त्यानं नवीन काही लिहिलंच नाही. मला वाटलं होतं, नाव निघालं की जीव शांत होईल. उलट झालं. खोकला आला तरी मी तोंडावर टॉवेल धरायला लागलो.

मला माझ्यासाठी भीती नव्हती. हे मी छाती ठोकून सांगत होतो, तेव्हाही आणि नंतरही. भीती माझ्या बायकोसाठी. पोरं आपापल्या संसारात, घरात आम्ही दोघंच. ती ऐरोलीला एका इमारतीत तीन घरच्या पोळ्या करायला जायची. सकाळी जाणार, दुपारी येणार, एकटीच. तिच्या केसाला धक्का लागला तर? आजकाल माणसं काय करतील सांगता येतं? सोफ्यावरून बोललेलं ज्याला एवढं लागतं, तो घरात शिरून काय करेल?

मी तिला म्हटलं, "रविवारी भावाकडं जाऊन ये."

"कशापायी?"

"जाऊन ये म्हणतो ना."

"आठवड्यातनं एक सुट्टी मला. भावाकडं जाऊन त्याच्या पोळ्या करू व्हय?"

मग मी रिक्षा स्टँडवर गेलो आणि ओळखीच्या दोघांना सांगितलं, कुणी गिरणी विचारली तर उलट्या बाजूला पाठवा. ते म्हणाले, "काका, गिरणीवर पाटीच आहे एवढी मोठी." घरी येऊन दारावर रंगानं लिहिलेल्या सतरा आकड्यावर मी कॅलेंडर लावलं. बायको म्हणाली, "दाराबाहेर कॅलेंडर? तारीख कोन बघनार, कुत्री?" शनिवारी गल्लीत मोटारसायकल थांबली की मी खिडकीतून बघत होतो. गॅसवाला, पाणीवाला, दोघांना मी त्या दिवशी घाबरलो.

मापाडी मात्र शनिवारी खाट बाहेर काढून उन्हात आपटत होता. ढेकूण नकोत, पाहुणा येणार.

रविवारी अकराला दहा कमी असताना एक स्कूटर थांबली. दोघं. पुढचा पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, काखेत प्लॅस्टिकची फाइल. मागचा किडकिडीत, त्याचा मेव्हणा असावा. फाइल बघून मी जास्तच घाबरलो. मला वाटलं पोलिसातलं काही आहे.

ते शेजारी शिरले. पातेल्याचा आवाज आला. बायको उठली आणि आमचं दुधाचं भांडं घेतलं.

"कुठं?"

"त्यांच्यात दूध कुठलं? एकटा मानूस पावशेर घेतो, तीन कप कसा करनार?"

"बस खाली. ते पाहुणे नाहीत."

"दारात आल्यात म्हंजे पाव्हनेच की," म्हणाली आणि गेली.

आणि मी दाराला आतून कडी लावली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जिच्यासाठी मला काळजी होती ती बाहेर, आणि मी आत, कडी लावून. लावताना मला काही कळलं नाही. हात आपोआप गेला. मग मी भिंतीला कान लावून उभा राहिलो.

पाहुण्याचा आवाज चढलेला. "आजोबा, तुम्ही चारचौघांत माझी लाज काढलीत. सोसायटीच्या ग्रुपवर लोक मला आता सोफा म्हणतात. सोफा! माझ्या मुलीच्या शाळेतल्या पालकांपर्यंत गेलं ते. काय मिळालं तुम्हाला?"

मला वाटलं आता भांडी पडणार.

मग मापाडी म्हणाला, "ते माझं चुकलं. सोफ्याचं मी लोकांनी हसावं म्हणून लिहिलं. ते बारदान व्हतं, मी वजा कराया पायजे व्हतं. आज काढतो. आता लिफ्टचं बोला. तुमची बाजू आधी."

त्या माणसाची तयारी वेगळ्याच भांडणाची होती. तरी त्यानं फाइल उघडली. लिफ्ट महिन्यात किती वेळा बंद पडते, दुरुस्तीला कोण पैसे देतं, कमिटीचा ठराव कोणत्या सभेत झाला, भाजीचं पाणी सांडून बटणं कशी खराब होतात. दहा मिनिटं वाचत होता. मापाडी मधे मधे "हां" म्हणत होता, खरोखर ऐकताना म्हणतात तसं.

"झालं?"

"झालं."

"तुमचे ऐकणारे हे पाव्हनं. ऐकलंत का वो?"

"ऐकलं," मेव्हणा म्हणाला.

"आता माझी बाजू." आणि तो थांबला. मी भिंतीच्या अलीकडं आणि तो पलीकडं, मधे अर्धी वीट. माझ्या घशात खोकला आला होता. मी तो गिळला.

"माझा ऐकणारा न्हाई," मापाडी म्हणाला. "तवा मी बोलत न्हाई. तुमी चहा घ्या."

"मी ऐकते की," माझी बायको म्हणाली.

"वैनी, तुमी कशाला..."

"आन् नुसतं ऐकनार न्हाई, बोलनार पन." तिचा आवाज मी चाळीस वर्षं ऐकतोय. हा आवाज घरातला नव्हता. "मी ऐरोलीला सातव्या माळ्यावर जाते. अकरा वर्षं झाली. रोज जिन्यानं. एक दिस गुडघा सुजला व्हता, म्हनून वॉचमनला म्हनलं, आजच्या दिस सोड लिफ्टनं. तो म्हनला, मावशी, माझी नोकरी जाईल. मग बसत बसत गेले. पोळ्या झाल्यावर बसत बसत खाली आले."

"मावशी, मी तुमच्याबद्दल नाही हो बोलत," पाहुणा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

"मग कुनाबद्दल बोलताय?"

फाइलीची पानं उलटल्याचा आवाज आला, मग ती मिटली. कपबशी वाजली. मग खाट करकरली, चपला वाजल्या. दारात पाहुणा म्हणाला, "बघू. मीटिंगमध्ये विषय घेता येतो का बघतो." त्यानं विषय घेतला की नाही हे कधी कळलं नाही. स्कूटर सुरू झाली आणि गेली. कुणी कुणाला बघून घेतलं नाही.

मग आमच्या दारावर थाप पडली. तिनं दार ढकललं, उघडलं नाही. पुन्हा थाप.

मी कडी काढली. भांडं हातात घेऊन ती उंबऱ्यात उभी. कडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आतनं लावली व्हती?"

मी ते सोडून दुसरंच विचारलं. "अकरा वर्षं जिन्यानं जातेस, आणि मला बोलली नाहीस?"

"तुमी येऊन भांडला असता. काम गेलं असतं." भांडं तिनं मोरीत ठेवलं. "मला वाटायचं, भांडला असता."

आणि ती पीठ मळायला बसली.

संध्याकाळी पाचला, किती दिवसांनी, भिंतीतून आवाज सुरू झाला. "रामराम. सोफ्याचे बोलणे मी मागे घेतो. पाहुणे घरी आले, दोन्ही बाजू समोरासमोर ऐकल्या. लिफ्टला खर्च येतो हे त्यांचे म्हणणे खरे आहे, तेवढे वजन त्यांचे. बाकीचे वजन सातव्या माळ्यापर्यंत चालत गेलेल्या माणसाचे." मग नाव, गाव, तालुका. मग तो थांबला आणि दारात येऊन हाक मारली.

"वैनी, ऐकणारी म्हणून नाव टाकू का तुमचं?"

त्यानं विचारलं. माझ्या वेळेला नव्हतं विचारलं.

"टाका," ती आतून म्हणाली. "नंबर नगा टाकू. सारखा वाजंल."

मी शेजारीच बसलो होतो. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही, रागानं नव्हे. काट्यावर दुसरा माणूस उभा असला की पहिल्याकडं बघायचं कारण नसतं. पुढं दीड वर्ष तो तसाच लिहीत राहिला, ऐकणारी माझी बायको. ती पोळ्यांवरून आली की तिला आधी सगळं वाचून दाखवायचा, आणि तिला पटलं नाही तर खोडायचा. कांद्याच्या भावावरून दोघांचं वाजायचं. मग मुलगा त्याला पुण्याला घेऊन गेला. गेल्या वर्षी फोन आला तेव्हा म्हणाला, "हितं भिंती जाड हायेत मर्दा. शेजारी कोण ऱ्हातं, सहा महिनं झालं, कळंना." लिहितोस का विचारलं तर पुण्याच्या थंडीचं बोलायला लागला. पण हे पुढचं झालं.

त्या रविवारी रात्री तिनं माझ्याकडं न बघता वाढलं आणि आम्ही दोघं जेवलो. मी कॅलेंडर दारावरून काढलं तेही तिनं बघून न बघितल्यासारखं केलं.

सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा मी सदरा घालून चपला पायात सरकवल्या.

"कुठं?"

"तुझ्याबरोबर."

"भांडाया?"

"नाही."

"माझी शपथ घ्या."

घेतली. शेअर रिक्षानं ऐरोलीला उतरलो. ती पुढं, मी मागं. इमारतीच्या दारात वॉचमन होता, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, कपाळाला गंध. तिला ओळखत होता. माझ्याकडं बघून विचारलं, "हे कोण, मावशी?"

"मालक हायेत आमचं. गुडघे गेल्यात. खाली बसतील तुमच्याजवळ, मी येईस्तवर."

"खाली कशाला?" तो उठलाच. चांगला माणूस होता. "बाबा, तुम्ही लिफ्टनं जा की वर. मावशींचं नियमात बसत नाही, त्या येतील जिन्यानं. तुम्हाला कोण अडवतंय?"

त्यानं स्वतः बटण दाबलं. दार उघडलं. आत आरसा होता, त्यात मी दिसत होतो आणि माझ्यामागं जिन्याकडं वळणारी तिची पाठ.

मी वॉचमनला हात जोडले आणि जिना धरला. पहिल्या मजल्यापर्यंत ठीक होतं. दुसऱ्यावर कठडा धरावा लागला. तिसऱ्यावर मी पायरीवर बसलो. ती वरून म्हणाली, "बसा तिथंच, मला उशीर होतोय," आणि तिची पावलं वर वर जात राहिली. मी दम खाल्ला. मग कठड्याला धरून उठलो आणि चौथ्याची पहिली पायरी चढलो.